पारगाव तर्फे आळे

जुन्नर तालुक्यात ‘पारगाव तर्फे आळे’ नावाचं एक गाव आहे. नवख्या माणसाला ही पाटी अर्धवट छापलेल्या निमंत्रणपत्रिकेसारखी वाटते. पारगावातर्फे आळेकरांचं काय? सत्कार? कुस्त्यांचा फड? तालुक्यात दुसरं एक पारगाव आहे, ते ‘तर्फे मढ’. एक ढालेवाडी ‘तर्फे हवेली’, दुसरी ढालेवाडी ‘तर्फे मिन्हेर’. हिवरे ‘तर्फे नारायणगाव’, निमगाव ‘तर्फे म्हाळुंगे’. सरकारी यादीत जागा पुरली नाही की त्या ‘तर्फे’चा नुसता ‘त.’ उरतो.

तर्फ म्हणजे परगण्याचा पोटविभाग. सुलतानी अमलात आणि पुढे मराठ्यांच्या राज्यात वसुलाचे हिशेब परगणा, तर्फ, गाव अशा उतरंडीने चालत. एकाच नावाची दोन गावं असली की ओळखीला तर्फ जोडत. इंग्रजी राज्यात तालुके पडले, तर्फा मोडल्या, त्यांचे कारकून गेले, दप्तरं बासनात गेली. पाटीवरचा शब्द मात्र तसाच राहिला, कारण पोस्टमनला अजूनही दोन ढालेवाड्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. जुन्या राज्यव्यवस्थेचा एक अख्खा शब्द केवळ या व्यावहारिक अडचणीपायी जिवंत आहे. कुकडी नदीच्या या खोऱ्यातल्या नावांचा माग काढताना हीच गोष्ट पुनःपुन्हा समोर येत गेली. नाव कोणी ठेवलं, किती थाटात ठेवलं, याने फारसा फरक पडत नाही. ते रोज कोणाला लागतं यावर त्याचं आयुष्य ठरतं.

त्या यादीतलं ‘मिन्हेर’ पाहा. मिन्हेर म्हणजे मीननेर, मीना नदीचं खोरं. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीतून उतरणाऱ्या खोऱ्यांना मावळ म्हणतात, अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. उत्तरेकडे सरकत गेलं की मावळ मागे पडतात आणि नेर सुरू होतात. भीमेचं भीमनेर, भामेचं भामनेर, घोड नदीचं घोडनेर, मीनेचं मीननेर, कुकडीचं कुकडनेर. पुष्पावतीच्या खोऱ्याने मात्र नदीचं नाव घेतलं नाही. तिथल्या मढ गावावरून ते मढनेर झालं.

आता ‘नेर’ म्हणजे काय, यावर अभ्यासू माणसं चटकन उत्तर देतात. संस्कृत नगर, प्राकृत णयर, त्याचं नयर, नेर. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचं संगमनेर घ्या, खानदेशातली अमळनेर, जामनेर घ्या. तिथे ही व्युत्पत्ती चोख बसते. जुन्नरचंही तसंच सांगतात. जीर्ण किंवा जुनं नगर, प्राकृतात जुण्णणयर, बोलण्यात जुन्नर. सातवाहनांच्या काळापासून व्यापाराच्या वाटेवर असलेल्या शहराला ‘जुनं’ म्हणण्याइतका काळ केव्हाच लोटला होता, म्हणून हे पटतंही. पण मीननेर हे नगर कधीच नव्हतं. तो पाच-पंचवीस गावांचा, दोन डोंगररांगांमधला पट्टा. भामनेर, घोडनेरही तसेच. एकाच तालुक्यात ‘नेर’ एकदा शहराला लागतो आणि एकदा खोऱ्याला लागतो. तेव्हा दोन वेगळी मुळं बोलीत घासून एकसारखी झाली असावीत असं मला वाटतं. शिवनेरी या दोहोंच्या मधोमध उभी आहे. किल्ल्याच्या पोटात शिवाई देवी, पायथ्याला जुनं नगर आणि भोवती नेरांचा मुलूख. कोणता नेर कुठे संपतो हे गडावरून पाहूनही सांगता येत नाही.

*

कुकडी उगम पावते ती नाणेघाटाच्या अलीकडच्या डोंगरात. पूर नावाच्या गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. नदी इथेच सुरू होते असं मानतात. नदीवरून देवाचं नाव पडलं की देवावरून नदीचं, हा वाद तिथल्या ओट्यावर बसून कितीही वेळ घालता येतो. जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की आपटाळे, चावंड, मग डावी-उजवीकडे खडकुंबे, अंजनावळे, फांगुळगव्हाण. जरा आडवं गेलं की उंडेखडक, हातवीज, आंबे, करंजाळे. एवढी नावं मोठ्याने वाचली तरी डोळ्यासमोर रान उभं राहतं. आपटा, अंजन, आंबा, करंज, खडक. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालण्याची जागा, तीही गावाच्या नावात आली. खोऱ्याच्या खालच्या अंगाला हा सिलसिला तसाच चालू राहतो. उंब्रजला उंबर, वडजला वड, पांगरीला पांगारा, हिवऱ्याला हिवर, धामणखेलला धामण, बोरीला बोर. पिंपळगावं आणि वडगावं तर इतकी झाली की वेगळी ओळखू यावीत म्हणून शेपट्या लावाव्या लागल्या. वडगाव आनंद, वडगाव सहाणी, वडगाव कांदळी. पिंपळगाव जोगा, पिंपळगाव तर्फे नारायणगाव.

इथे एक शंका रास्त आहे. गावाला झाडाचं नाव देणं ही सगळ्या महाराष्ट्राची खोड. मग या खोऱ्याचं विशेष काय? विशेष असं की झाडावरून गाव ओळखण्याची सवय इथे किती जुनी आहे, याचा पुरावा दगडावर कोरलेला सापडतो.

जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे समूह आहेत. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दानांचे हिशेब आहेत. कोणी पाण्याचं टाकं दिलं, कोणी खोली खोदून दिली, कोणी पैसा श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, कायमचा गुंतवून ठेवला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेखही मानमोडीतलाच. त्याच डोंगरातल्या एका लेखात आडुथुम नावाचा एक शक उपासक भेटतो. परमुलखातून आलेल्या टोळीतला हा माणूस. त्याने दान काय द्यावं? वडालिका गावी करंजाची झाडं लावण्यासाठी वीस निवर्तनं जमीन आणि कटपुतक गावी वडाची झाडं लावण्यासाठी नऊ निवर्तनं. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप.

हा लेख वाचल्यावर करंजाळे आणि वडज ही नावं निराळी ऐकू येतात. करंजाळे हे त्याच करंजांचं गाव असं मी मुळीच म्हणत नाही. असली ओढाताण करणाऱ्यांचा समाचार पुढे घ्यायचाच आहे. मुद्दा एवढाच की अठराशे वर्षांपूर्वी या परिसरात करंज लावणं आणि वड लावणं ही जमीन तोडून देण्याइतकी मोलाची कामं होती. करंजाचं तेल दिव्याला आणि वंगणाला, वडाची सावली तांड्यांना. नाणेघाटातून माल घेऊन चढलेल्या बैलांना आणि माणसांना पुढचा टप्पा सांगताना ‘ते करंजाचं’, ‘ते वडाचं’ यापेक्षा सोपी खूण कोणती देणार? कटपुतक आज कोणाच्या तोंडी नाही. वडालिकेतला वड मात्र ‘वड’ म्हणूनच ओळखू येतो. मधल्या काळात राज्यं किती बदलली ते मोजत बसायला नको.

मानमोडीचंच नाव घ्या. आज ऐकणाऱ्याला त्यात मान मोडणारा कडा ऐकू येतो, आणि कडा तसा आहेही. पण लेण्यांतल्या लेखांत या डोंगराचं नाव ‘मानमुकुड’ असं वाचलं गेलं आहे. म्हणजे नाव मुळात मानेचंही नाही आणि मोडण्याचंही नाही. अर्थ विसरला, उच्चार चालत राहिला, आणि अर्थाविना बोलणं अवघड म्हणून लोकांनी जवळचा अर्थ त्यात भरला. अर्थ विसरूनही उच्चार इतका काळ टिकतो हे मला मूळ अर्थापेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

नाणेघाटाची गोष्ट याच जातीची. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. सातवाहन काळात व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असं प्रत्येक ट्रेकर सांगतो. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे त्यात आहेत, तेव्हा पैशाची गोष्ट हवेतून आलेली नाही. पण त्याच घाटाच्या कड्याला स्थानिक लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. तिथे नाणं नाही, नाना आहे. आणि दोन स्पर्धकांनी घाट फोडल्याच्या कथेत हा नाना नावाचा गडी असतो. शिवाय इंद्रायणीच्या खोऱ्यात नाणे मावळ आहे, त्यात नाणे नावाचं गाव आहे, आणि तिथे कोणी रांजण दाखवत नाही. रांजणाची गोष्ट खोटी म्हणायची का? घाट जकातीचा होताच. पण नाव आधी आणि रांजणाची जोड नंतर, असं घडलं असण्याची शक्यता मी जास्त धरतो. दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या अर्थाचा नेहमी ताबा घेते.

*

गावाच्या नावाची गोष्ट सांगणारे लोक साधारण दोन प्रकारचे भेटतात. पहिला प्रकार देवळाच्या ओट्यावर. तिथे प्रत्येक नावामागे ऋषी असतो किंवा राक्षस असतो. पारनेरला पराशर ऋषी राहिले म्हणून पारनेर. ऋषी नसतील तर पांडव असतातच. वनवासात त्यांनी महाराष्ट्रातलं एकही खोरं सोडलेलं दिसत नाही. दुसरा प्रकार बांधावर. तिथे उत्तर तुटक मिळतं. “खडक हाय म्हणून खडक. अजून काय असतंय?”

माझा कौल बांधाकडे आहे, पण ओट्यावरची गोष्ट टाकाऊ नाही. तिच्यातून त्या गावाला कोण व्हायचं होतं ते कळतं. पराशरांशी नातं सांगणाऱ्या गावाला तीर्थक्षेत्र व्हायचं असतं. आळे गावाला नावाची गोष्ट लागलीच नाही, कारण तिथे त्याहून मोठी गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी या गावात आहे. ‘आळे’ म्हणजे काय हे विचारायला कोणाला सवड नाही. ओझरचंही तसंच. विघ्नासुराचा वध करणारा विघ्नहर तिथे बसला, अष्टविनायकांत गाव गेलं. ओझर शब्दाचा साधा अर्थ झरा, वाहतं पाणी; नाशिकजवळ ओझर आहे, कोयनेच्या रानात ओझर्ड्याचा धबधबा आहे. कुकडीकाठच्या ओझरला विघ्नहराने एवढं व्यापलं की नावातलं पाणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

गोष्टी रचण्याचं हे काम पुराणकाळात थांबलं असं मात्र नाही. मांडवी नदी ओतूरच्या अंगाने कुकडीच्या खोऱ्यात उतरते. ती निघते अकोले तालुक्यातल्या फोफसंडी गावाजवळ. तिथली गोष्ट अशी की पोप नावाचा कोणी इंग्रज अधिकारी दर रविवारी विश्रांतीला या गावात येई. पोप आणि संडे मिळून फोफसंडी! गोष्ट गावातले लोक हौसेने सांगतात, पर्यटकांनी ती दूरवर नेली आहे. मला तिच्यात पराशर ऋषीच दिसतात, फक्त टोपी घातलेले. नाव कानाला अनोखं लागलं की ते आपल्या काळातल्या सर्वांत वजनदार माणसाला बांधून टाकायचं, ही रीत एकच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी स्थळनामांच्या व्युत्पत्तींचे ढीग उपसले, त्यांवरून वसाहतींचा इतिहास लावण्याचा खटाटोप केला. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. पण गावाचं नाव हा कागदाइतकाच पुरावा आहे, हे त्यांनी हट्टाने मांडलं. गोष्टीतला माणूस बाजूला काढल्यावर काय उरतं ते आधी पाहावं, एवढी शिस्त त्यांच्याकडून घेता येते.

*

राज्यकर्त्यांनी दिलेल्या नावांचं काय झालं? फार्सीतून दोन शब्द आले आणि घट्ट बसले. बुजुर्ग म्हणजे मोठं, त्याचं बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान. गाव वाढलं, फुटलं, दोन वस्त्या झाल्या की हिशेबाला ही जोडी कामाची होती, म्हणून ती टिकली. कुकडीवर बोरी बुद्रुक आणि बोरी खुर्द आहेत. या बोरीच्या काठावर नदीने कापलेल्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्या राखेशी तिचं नातं जोडलं जातं. वयाबद्दल संशोधकांत वाद आहेत. राखेजवळ अश्मयुगीन दगडी हत्यारंही मिळाली. जगभरचे भूशास्त्रज्ञ बोरी हे नाव ओळखतात. ते पडलं मात्र एका काटेरी झाडावरून.

उलट शिवाजी महाराजांनी किल्ल्यांना दिलेली नावं पाहा. चावंडचा प्रसन्नगड झाला, हडसरचा पर्वतगड. नावं देखणी, देणारा हात तर साक्षात थोरल्या महाराजांचा, आणि जन्मभूमी शिवनेरी समोर दिसते आहे. तरीही चावंडच्या पायथ्याला प्रसन्नगडाचा रस्ता विचारून पाहा. चामुंडेचा चावंड लोकांच्या तोंडी आधीच बसला होता आणि नवं नाव गडावरच्या कागदांत राहिलं. रायगड, प्रतापगड टिकले, कारण तिथे नवा गड, नवा राबता आणि नवी माणसं होती. इथे पायथ्याच्या गावाने आपलं बोलणं बदललं नाही, आणि त्यात महाराजांचा अनादर कोणी मानला नाही.

परक्यांच्या कानांनी आणखी मौज केली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला निघाला आणि ऐन पावसाळ्यात जुन्नरला अडकला. त्याने शहराचं नाव चुनेर असं काहीसं लिहून ठेवलं आहे. फार्सी लिहिणारे जुनेर लिहीत. जुन्या मराठी कागदांतही जुन्नर एका रूपात सापडत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह गावांच्या नावांना अलीकडे चिकटला. त्याआधी बोलेल तसं लिहीत आणि कोणाची वाट चुकत नसे.

*

कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे. पाण्याने खोऱ्याचा पूर्वभाग बदलून टाकला. द्राक्षं, ऊस, टोमॅटो आला, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार राज्यभर गाजला, आणि उसाच्या मागोमाग बिबट्याही फडात राहायला आला. बिबट्या पकडला की त्याला ठेवायचं कुठे? माणिकडोहला. तिथे बिबट निवारा केंद्र आहे. आज वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माणिकडोह म्हटलं की बिबट्या आठवतो. खरं तर हे नाव डोहाचं. नदीला उन्हाळ्यात धार राहत नसे तेव्हा डोहात पाणी उरायचं, गुरं तिथे जायची, मासे तिथे मिळायचे, म्हणून प्रत्येक डोहाला स्वतंत्र नाव होतं. धरणाच्या फुगवट्यात डोह, कोंढ, उतार सगळे एका पातळीखाली गेले. एका डोहाचं नाव धरणाला मिळाल्याने वाचलं. बाकीच्यांची यादी पुनर्वसनाच्या कागदांत येण्याचं कारण नव्हतं; डोहाची भरपाई कोण मागणार?

शेजारच्या घोडनेरात याहून विचित्र प्रकार आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव. मुख्य ठाणं घोडेगावला. आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनू यांचं. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे, तेव्हा नाव उचितच आहे. पण तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी कागदाच्या डोक्यावर रोज बुडालेल्या गावाचं नाव छापलं जातं, आणि ते वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते गाव पाहिलेलं नाही.

गाव बुडालं की निदान बातमी होते. बातमी न होता जी नावं गेली ती शेतांची.

चावंडच्या बाजूला भातखाचरांच्या बांधावर एक म्हातारे आजोबा भेटले. गावाच्या नावाबद्दल त्यांना फार काही सांगायचं नव्हतं. शेतांबद्दल विचारलं आणि ते बोलत सुटले. हे जांभळीचं. ते लांबडं. पलीकडचं देवाचं, त्याचा भात देवाला जायचा. ओढ्यालगतचं गाळाचं. वरचं भांडणाचं. “भांडण कोणाचं, आजोबा?” “आमच्या आज्याच्या आधीचं. मिटलं कवाच. नाव ऱ्हायलं.” ‘जांभळीचं’ या खाचरात जांभूळ नव्हतं. ते त्यांच्या वडलांच्या वेळीच पडलं होतं. त्यांच्या सुनेलाही ही नावं येत होती, कारण आवणीच्या दिवसांत भाकरी कुठल्या खाचरावर न्यायची ते नावानेच सांगायचं. नातू पुण्याला कामाला. त्याला आपलं शेत गट नंबराने माहीत आहे, आणि तेवढं माहीत असणं त्याला पुरतं.

गट नंबर कुठून आला हे सांगायला हवं. मराठेशाहीत गावची लागवडीची जमीन थळांत वाटलेली असे. थळाला नाव असे, पुष्कळदा मूळ धारण करणाऱ्या घराण्याचं. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो थळकरी. घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं की ती जमीन गतकुळी म्हणून लिहीत, आणि गंमत अशी की माणसं गेल्यावरही थळ त्यांच्याच नावाने ओळखलं जाई. थळझाडा नावाच्या कागदात अशी थळवार नोंद असे. पुढे इंग्रजांनी मोजणी आणली. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच पुणे जिल्ह्यात, इंदापूरकडे, जी पद्धत बसवली तिच्यातून प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. तरीही नंबर सरकारचा आणि नाव घरचं, असं दोन्ही चालू राहिलं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने पुढच्या दशकांत गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट पडले. विखुरलेले तुकडे एकत्र आले, हद्दी फिरल्या. ‘जांभळीचं’ अर्धं एका गटात आणि अर्धं दुसऱ्यात गेलं, तर त्या नावाने हाक मारायची कशाला?

सरकारने ही नावं मुद्दाम पुसली असं म्हणता येणार नाही. उलट सातबाऱ्यावर आजही एक रकाना छापलेला असतो, ‘शेताचे स्थानिक नाव’. तो रकाना कोणी हुशार माणसाने ठेवला असला पाहिजे. मी जे उतारे पाहिले त्यांत बहुतेक ठिकाणी त्यापुढे मोकळी जागाच होती. एका तलाठ्यांना विचारलं, तेव्हा ते हसले. खातेदार नाव, क्षेत्र आणि बोजा तपासतो. शेताचं नाव लिहिलं नाही म्हणून तक्रार घेऊन कोणी येत नाही. बँकेला ते लागत नाही, पीक विम्याला लागत नाही. ज्यांना लागत होतं त्या बायका आणि गडीमाणसं उताऱ्यावर नसतात.

मला विचाराल तर खोऱ्याचा खरा इतिहास या मोकळ्या रकान्यात आहे. गावाच्या नावावर पुस्तकं निघतात, वाद होतात, मोर्चेही निघतात. गावाचं नाव एकच असतं आणि शेतांची नावं शेकड्याने असतात. तुटलेलं झाड, आटलेला झरा, मिटलेलं भांडण, निर्वंश झालेलं घर या सगळ्यांची नोंद तिथे होती. ती लिहून घ्यायला विद्यापीठ लागत नाही. शाळेतल्या मुलांनी एका सुट्टीत आजी-आजोबांना घेऊन शिवार फिरलं तरी गावचं निम्मं काम उरकेल, आणि हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.

मात्र प्रत्येक जुनं नाव जपावं असंही नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना जातीची नावं होती. ती तिथे राहणाऱ्यांनी ठेवलेली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं देण्याचा निर्णय घेतला. यावर इतिहास पुसला जातो म्हणून हळहळणारे बहुधा वस्तीबाहेर राहतात. पत्ता सांगताना ज्याची मान खाली जायची त्याला विचारून पाहावं. तो इतिहास दप्तरात राहू दे, पाटीवर नको. आडनावांच्या वाड्यांवर, गुंजाळवाडी वगैरेंवर, असा कसलाच आक्षेप नसतो. तिथे नाव राहणाऱ्यांनी स्वतःचंच दिलं.

*

जुनी नावं जात असताना खोऱ्यात नवी नावं पडत नाहीत असं कोण म्हणतं? पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना छेदतात तिथे आळे गावाला जाणारा फाटा होता. आज आळेफाटा हे आळ्याहून नावाजलेलं ठाणं आहे. कांदा मार्केट, बँका, दवाखाने, रात्रभर उघडी हॉटेलं. अष्टविनायकांना निघालेल्या मुंबईकराला फाटा ठाऊक असतो, आळे नसतं. डिंगोऱ्याच्या बाजूला बनकर फाटा आहे. कांदळीजवळ तर ‘चौदा नंबर’ नावाचा थांबा आहे. तिथे उतरणारा माणूस “चौदा नंबरला राहतो” असं सरळ सांगतो, जणू आंबेगाव किंवा वडगाव म्हणावं तसं. ही नावं एसटीने घडवली. गाडी जिथे थांबते, माणूस जिथे उतरतो आणि तिकीट जिथपर्यंत फाडायचं, तिथे नाव लागतंच. सातवाहनांच्या तांड्याला वड लागत होता तसंच हे.

खोडदजवळ जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. शास्त्रज्ञ त्याला जीएमआरटी म्हणतात. आसपासच्या वाटा विचारताना मात्र ‘दुर्बिणीपाशी या’ असं ऐकू येतं. आणखी पन्नास वर्षांनी तिथे दुर्बिणवाडी झालेली असली तर मला नवल वाटणार नाही, आणि तेव्हाचे ओट्यावरचे लोक दुर्बीण नावाच्या ऋषीची कथाही सांगू लागतील.

आळेफाट्याच्या पुढे नदी पूर्वेला वळत पारनेर तालुक्यात शिरते. निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मधे कुकडीने काळ्या पाषाणात खोल कुंड खोदले आहेत. दगडगोटे पाण्यात गरगर फिरून हे खड्डे पडले. भूगोलाच्या पुस्तकांनी त्यांना रांजणखळगे हे अचूक मराठी नाव दिलं आहे. इथली माणसं म्हणतात कुंड, आणि ते मळगंगा देवीचे. पुस्तकातलं नाव बरोबर, गावातलंही बरोबर. फलकावर दोन्ही लिहायला हरकत नाही.

त्यापुढे थोड्या अंतरावर, शिरूरच्या परिसरात, कुकडी घोड नदीला मिळते आणि तिचं नाव तिथे संपतं. घोड पुढे भीमेला मिळते. शिरूरला पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांची छावणी होती; ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगाव भीमाकडे निघालेली पलटण इथूनच निघाली. इंग्रजांनी नाव लिहिलं सिरूर. सरकारी दप्तरात शिरूर, तालुका शिरूर, मतदारसंघही शिरूर. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र या गावाचं नाव घोडनदी. नदीचं नाव गावाने घेतलं, आणि गावाचं अधिकृत नाव दुसरंच असूनही ते सोडलं नाही. पारनेरच्या बाजूने कांदा भरून निघालेला शेतकरी अजून “घोडनदीला चाललो” म्हणतो, आणि तिथे त्याला पावती मिळते ती शिरूरची.